डाव्या हाताचं अंगण

ही गोष्ट अठराशे शहाण्णव सालची. त्या वर्षी हार्डांगरच्या खाडीकाठी चेरीला बहर फार उशिरा आला, आणि तो आला त्याच आठवड्यात हेल्लातूनला जमीनवाटपाचे साहेब आले. म्हणून ते साल पुढे कुणी विसरलं नाही.

हेल्लातून ही आठ घरांची वस्ती. घरं आठ म्हणायची, पण प्रत्येकाचं राहतं घर वेगळं, भाकऱ्या भाजायचं धुराचं घर वेगळं, कोठार वेगळं, गोठा वेगळा. या सगळ्या लाकडी इमारती एकमेकींना खेटून, कोपऱ्यात कोपरा अडकवून उभ्या होत्या. एकाचा गोठा दुसऱ्याच्या दाराशी, एकाच्या कोठाराची पायरी तिसऱ्याच्या खिडकीखाली. या सगळ्यांच्या मधे जी जागा उरली होती तिला तून म्हणायचे. कुठे ती इतकी अरुंद की गाय वळवता येऊ नये, आणि कुठे लग्नाचा नाच मावेल एवढी रुंद. त्या जागेला तून, तिच्याभोवतीच्या घरांना तून, आणि घरांतल्या माणसांनाही तून. "तूनला जेवायला सांगितलंय," म्हटलं की आठही घरांनी चमचे घेऊन यायचं.

या तूनमध्ये सिन्नेवा आपला नवरा तोर्शेल आणि आई हेरबोर्ग यांच्याबरोबर राहत होती. मोठा भाऊ आस्लाक जहाजावर खलाशी. तो वर्षा-दोन वर्षांनी यायचा, पंधरा दिवस सगळ्यांना हसवायचा आणि जायचा.

हेरबोर्गला दिसत नव्हतं. डोळे हळूहळू गेले होते, आणि पुरते गेले तोवर तिनं तून हातानं पाठ करून घेतलं होतं. सकाळची कामं आटोपली की विणकाम खिशात घालून ती निघायची. काठी नाही, कुणाचा आधार नाही. डावा हात भिंतीला. धुराच्या घराचे ओंडके कोमट, जरासे तेलकट. शेजारच्या गुडमुनच्या कोठाराचा कोपरा घासून गोल झालेला, कारण त्याच्या पणजोबांपासूनच्या गाई तिथंच अंग खाजवत आल्या होत्या. मग थोडा वेळ हात रिकामा, पायाखाली ती मोठी सपाट शिळा, आणि शिळा संपली की योस्टेनच्या गोठ्याची थंड, ओलसर दगडी भिंत. अशी ती सगळ्या तूनला फेरी घालायची. प्रत्येक घरी बसायची, कॉफी घ्यायची, चार ओळी विणायची आणि मागच्या घरची बातमी पुढच्या घरी पोचवायची.

"हेरबोर्गकाकी, पाऊस येईल का हो?" कुणी विचारायचं.

"पावसाचं मला काय विचारतोस? दूध उतू चाललंय तुझं, ते बघ."

दुपारी परत आली की ती सिन्नेवाला सगळं सांगायची, आणि सिन्नेवाला वाटायचं, डोळे आपल्याला आहेत पण तून बघते ती आईच.

वाटपाची मागणी केली ती योस्टेननं. त्यात त्याचा फार दोष होता असंही नाही. तूनमधल्या प्रत्येकाची जमीन चिंध्यांसारखी विखुरलेली होती. विळ्याचे चार फटकारे मारले की आपलं संपलं आणि दुसऱ्याचं लागलं. नव्या कायद्यानं एकानं मागणी केली तरी पुरत होतं. साहेब येणार, मोजणार, ज्याची त्याची जमीन एका जागी करून देणार, आणि जमीन जिकडे जाईल तिकडे काही घरांनाही उठून जावं लागणार.

ते यायच्या आधीच्या रविवारी प्रार्थनेहून परत आल्यावर सगळे शिळेवर बसले होते. आस्लाक घरी आलेला होता.

"या आपल्या तूनची मला बाहेर फार फजिती सोसावी लागते," तो म्हणाला. "हॅम्बुर्गला गोदीतला मुकादम मला म्हणाला, पोतं तूनपाशी ठेव. मी पोतं पाठीवर घेऊन अंगण शोधत हिंडतोय. शेवटी त्यानं मला मानेला धरून फळ्यांच्या कुंपणापुढं उभं केलं. म्हणाला, हे काय आहे, तुझी आजी?"

"कुंपणाला तून म्हणतात?" तोर्शेल म्हणाला.

"कुंपणाला! बरं, पुढं रॉटरडॅमला गेलो. तिथली मोलकरीण म्हणते, बाईसाहेब तूनमध्ये आहेत. जरा तोंड वाकडं करून म्हणतात ते, पण शब्द तोच. आता मी शहाणा झालो होतो. कुंपणापाशी जाऊन उभा राहिलो. बाई आपली आत कोबीला पाणी घालतेय."

"म्हणजे बाग?"

"बाग. आणि इंग्रजांच्या हल बंदरात दोस्त म्हणतो, चल, टाउनमध्ये, म्हणजे त्यांच्या तूनमध्ये, जाऊ. मी म्हटलं, कुंपण असेल नाहीतर कोबी. तर समोर शहर! ट्रॅम, धूर, कोपऱ्या-कोपऱ्यावर दारूचं दुकान."

"मग कोबीकडं काही तू परत गेला नसशील," गुडमुन म्हणाला, आणि सगळं तून हसलं. गुडमुन साठीचा, आडव्या अंगाचा, कमी बोलणारा. तो बोलला की लोक जास्त हसत.

हेरबोर्ग हसली नाही. "अरे, पण एवढी मोठमोठी माणसं आपला शब्द का वापरतात? त्यांना स्वतःचा मिळाला नाही?"

"आई, ते म्हणतात आपणच त्यांचा वापरतो."

"आणि खरा कुणाचा?"

"ते खलाशाला काय विचारतेस? मला फक्त पोतं कुठं ठेवायचं ते कळतं."

आस्लाक त्या आठवड्यातच बोटीनं गेला आणि त्याच बोटीतून साहेब उतरले. त्यांचं नाव स्टेनबुक. उंच, वाकलेले, सतत सर्दी झालेले. साखळी, खांब आणि नकाशाच्या गुंडाळ्या घेऊन आलेला हा माणूस स्वभावानं इतका मऊ निघाला की त्याचा राग करणं लोकांना जड जाऊ लागलं. सिन्नेवाच्या घराचा माळा स्वच्छ म्हणून त्यांची सोय तिथं केली होती. ती त्यांना सकाळी मलई घालून दलिया द्यायची, संध्याकाळी ताजं तपकिरी चीज. आपण लाच देतोय असं तिला वाटत नव्हतं. पाहुणा चांगला जेवला की चांगला विचार करतो, एवढंच तिच्या मनात होतं.

स्टेनबुकसाहेबांना पुस्तकांचा नाद होता. एकदा दुपारी कॉफी घेताना हेरबोर्गनं त्यांना आस्लाकची गोष्ट सांगितली.

"तुमचा मुलगा खरंच बोलला, आजीबाई," ते म्हणाले. "शब्द एकच आहे. सगळ्यांच्या पणजोबांचा म्हणा. मुळात तून म्हणजे नुसतं कुंपण. ओल्या फांद्या विणून करतात ना, तसलं. जर्मन माणूस त्या कुंपणापाशीच थांबला. हॉलंडचा आत शिरला, त्याला वाफे दिसले. आइसलंडात घराजवळच्या गवताच्या कुरणाला म्हणतात. इंग्रजांकडं कुंपणात आधी एक घर होतं, मग चार झाली, मग इतकी झाली की कुंपण कुठं गेलं तेच कुणाला आठवेना. आणि तुमच्याकडं हे असं."

हेरबोर्गनं बराच वेळ सुया चालवल्या. "म्हणजे आधी कुंपण आलं आणि मागून माणसं?"

"असं म्हणायला हरकत नाही."

"मला वाटायचं, आधी माणसं असतील."

मग ती उठली आणि म्हणाली, "चला, तुम्हाला दाखवते." तिनं साहेबांना डोळे मिटायला लावले, त्यांचा डावा हात भिंतीवर ठेवला आणि त्यांना तूनभर फिरवून आणलं. साहेब गोल कोपऱ्यापाशी अडखळले, शिळेवरून घसरले, योस्टेनच्या गोठ्याशी शिंकले. बायका दारांत उभ्या राहून तोंडाला हात लावून हसत होत्या. परत आल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि आपला डावा तळवा उलटसुलट करून पाहिला. सिन्नेवानं ते पाहिलं, आणि कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा तिच्या छातीवरचं ओझं हललं.

दुसऱ्या दिवशी ते तिला पायरीशी थांबवून म्हणाले, "सिन्नेवाबाई, तीन घरांना जावं लागेल. दोन ठरल्यासारखी आहेत, त्यांची हरकतही नाही. तिसरं तुमचं किंवा गुडमुनचं. नकाशावर तुमचं जाणं सोपं पडतं. तुमच्या आईचं मला दिसतंय. पण मला दिसलं म्हणून मी लिहू शकत नाही. शनिवारी सगळ्यांसमोर मी विचारीन, कुणाचं काही म्हणणं आहे का. तेव्हा कुणीतरी सांगायला हवं, की ही बाई आंधळी आहे आणि हिचं चालणं-फिरणं या भिंतींवर आहे. एवढं म्हटलं की मला ते धरावं लागेल."

"कुणी म्हटलं तरी चालेल?"

"कुणीही. तुम्हीसुद्धा."

साहेबांना तूनची रीत ठाऊक नव्हती. तूनमध्ये कुणी स्वतःसाठी मागत नसे. छप्पर गळत असलं तर शेजारी म्हणायचा, "तोर्शेलचं छप्पर गळतंय, या वर्षी भूर्जाची साल आधी त्याला देऊ." शेजाऱ्याचं गवत कमी पडलं तर तोर्शेलनं तोंड उघडायचं. चारचौघांत आपल्यासाठी बोलणारा माणूस म्हणजे शेजारी नसलेला माणूस, आणि त्याच्याइतकं कंगाल कुणी नाही, असं ते मानायचे. बरं, शेजाऱ्याला जाऊन "माझ्यासाठी बोल" असंही सांगायचं नाही. ते त्यानंच ओळखायचं. सिन्नेवाच्या घरासाठी आजवर गुडमुनच बोलत आला होता. हेरबोर्गचे डोळे गेले तेव्हा नाल्यावर फळी टाका म्हणणारा तोच, आणि अंगणात कुणी घडवंची, बादली सोडायची नाही, हा नियम लावणाराही तोच.

शुक्रवारी सिन्नेवा मलईचं वाडगं घेऊन त्याच्याकडं गेली. तो दाराशी बसून दाताळ्याचे दात बसवत होता.

"बहर उशिरा आला यंदा," ती म्हणाली.

"उशिरा आला."

"गारठा पडला नाही म्हणजे मिळवली."

"हं."

"आईला कालपासून झोप नाही, गुडमुनकाका."

त्यानं दाताळ्यावरून नजर काढली नाही. "म्हातारपणी लागत नाही झोप," तो म्हणाला. मग काही वेळानं, "उद्या बघू."

ती रिकामं वाडगं घेऊन घरी आली आणि तोर्शेलला म्हणाली, "काकांना कळलंय."

शनिवारी सकाळी सगळे शिळेभोवती जमले. साहेबांसाठी टेबल मांडलं होतं. पुरुष पुढं, बायका भिंतींना टेकून, हेरबोर्ग शिळेच्या काठावर तिच्या नेहमीच्या जागी. साहेबांनी कुणाला कोणती जमीन ते वाचलं. मग कोणती घरं जाणार ते वाचलं. पहिली दोन. मग तिसरं, हेरबोर्गचं, ओढ्यापलीकडच्या उतारावर.

"यावर कुणाचं काही म्हणणं आहे का?"

कोंबडी फडफडली. तोर्शेलनं गुडमुनकडं पाहिलं. गुडमुन उठून उभा राहिला. त्यानं टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, आणि जमिनीकडं बघत तसाच उभा राहिला.

"कुणाचं काही?" साहेबांनी पुन्हा विचारलं, आणि या वेळी सरळ सिन्नेवाकडं पाहिलं. त्या नजरेत जवळजवळ विनवणी होती.

सिन्नेवाच्या ओठांवर शब्द तयार होते. फार नव्हते. पण आता काका बोलतीलच, त्यांच्या तोंडचं आपण काढून घेतलं तर सगळ्या तूनसमोर त्यांचा अपमान होईल, असं तिला वाटलं. आणखी एक क्षण, असं तिनं मनाशी म्हटलं. मग आणखी एक. हेरबोर्गनं मान वळवून गुडमुनच्या श्वासाकडं तोंड केलं होतं. ती वाट बघत होती, पण तिच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती.

साहेबांनी नाक पुसलं, तिसऱ्यांदा विचारलं, थांबले, आणि मान खाली घालून लिहिलं. गुडमुन खाली बसला.

नंतर गोल कोपऱ्यापाशी तो सिन्नेवाला भेटला. "मी उभा राहिलो होतो गं, सिन्ने."

"पाहिलं मी."

"तुझं राहिलं असतं तर माझं गेलं असतं. माझ्या नातवाचा पाळणा त्या घरात... मी उभा राहिलो. पाय उभे राहिले. तोंड नाही उघडलं."

रागवायलाही सिन्नेवाला जागा नव्हती, कारण तोंड तिचंही उघडलं नव्हतं.

शरदात घर हललं. एकेका ओंडक्यावर खूण करून ते उतरवलं, खांद्यावरून ओढ्यापलीकडं नेलं आणि तसंच्या तसं रचलं. सगळं तून मदतीला आलं. तशी रीतच होती. बायकांनी भाकऱ्या आणि सुकं मटण आणलं, बिअरचं पिंप आणलं, कुणीतरी फिडलही वाजवलं. सगळ्यांत जड ओंडके गुडमुननं उचलले. संध्याकाळपर्यंत त्याचा खांदा सोलून निघाला होता, तरी तो कुणाला उचलू देईना. काम संपल्यावर सगळे हसतखेळत परत गेले, आणि ओढ्याच्या आवाजाखेरीज काही ऐकू येईना.

घर तेच होतं. आत हेरबोर्गला काही अडचण नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं विणकाम खिशात घातलं, उंबरा ओलांडला आणि डावा हात पुढं केला. हात तसाच हवेत राहिला. ती दोन पावलं पुढं गेली. पुन्हा हात केला. सिन्नेवा खिडकीतून बघत होती. गवत, वारा आणि उतार, बाकी काही नव्हतं. म्हातारी थोडा वेळ उभी राहिली, मग पाय चाचपत मागं आली.

तोर्शेल भला माणूस. त्यानं रानातल्या हेझलच्या झुडपांच्या ओल्या फांद्या आणल्या, खुंट ठोकले आणि दारापासून ओढ्यापर्यंत कंबरेएवढं कुंपण विणलं. "हे धरून चाला, आई," तो म्हणाला.

हेरबोर्ग कुंपण धरून ओढ्यापर्यंत गेली. तिथं कुंपण संपलं. तिनं टोकाची फांदी बोटांनी चाचपली, वळली, आणि उजवा हात लावून परत आली.

"चांगलं विणलंस," ती म्हणाली. मग सिन्नेवाला म्हणाली, "साहेब सांगत होता ना, सुरुवात इथूनच झाली म्हणून."

"हो, आई."

"मग आता घरं यायला किती वर्षं लागतील गं?"

म्हातारीनं ते पुन्हा विचारलं नाही. ती काही दिवस रोज ओढ्यापर्यंत जाऊन येत होती. ओढ्यावरची फळी निसरडी, त्यामुळं पलीकडं जाण्याचा प्रश्न नव्हता. पहिल्या हिवाळ्यात तूनमधली माणसं पाळीपाळीनं भेटायला यायची. पण ती यायची पाहुण्यांसारखी, स्वच्छ कपडे घालून, आणि त्यांच्याजवळ सांगण्यासारखं काही नसायचं. करपलेल्या दुधाची बातमी देण्यासाठी कुणी ओढा ओलांडत नाही. बर्फ वितळलं तेव्हा हेरबोर्गनं बाहेर जाणं सोडलं होतं. ती भिंतीशी बसून एकच मोजा विणायची, उसवायची आणि परत विणायची.

दुसऱ्या हिवाळ्यात ती गेली. तिला न्यायला आठही घरं आली. गुडमुननं शवपेटीचं पुढचं टोक धरलं होतं. तूनमधून जाताना गोल कोपऱ्यापाशी त्यानं कुणालाही न विचारता चाल मंद केली.

आस्लाक पुन्हा आला नाही. रॉटरडॅमला त्यानं एका विधवेशी संसार थाटला. तिच्या घरामागं कोबीचे दोन वाफे होते म्हणे. तिथंच तो म्हातारा झाला, आणि तिथंच त्याला पुरलं.

योस्टेनची शेती सुधारली. त्यानं गवत कापायचं यंत्र घेतलं. त्याच्या मुलांनी पुढं सगळं विकलं आणि ती बर्गनला शहरात राहायला गेली.

स्टेनबुकसाहेबांनी आणखी पुष्कळ वाड्या मोजल्या. नोकरी संपल्यावर ते एकदा उन्हाळ्यात काठी टेकत आले. बोटीच्या धक्क्यावर खेळणाऱ्या मुलांना त्यांनी हेल्लातूनचं तून विचारलं. मुलांनी त्यांना योस्टेनच्या नव्या घरापुढची खडी पसरलेली जागा दाखवली, जिथं गाड्या वळवायच्या. साहेबांनी मान हलवली, आभार मानले आणि त्याच बोटीनं परत गेले.

गुडमुनचं घर राहिलं. पण पाठोपाठ आणखी घरं हलली, काही मोडली, आणि शेवटी शिळेभोवती त्याचं एकट्याचंच उरलं. तो संध्याकाळी शिळेवर येऊन बसायचा. त्याच्यासाठी बोलणारं कुणी नव्हतं, आणि त्यालाही कुणासाठी बोलायचं उरलं नव्हतं. नातू अमेरिकेला गेला. गुडमुन गेल्यावर ते घर सरपणासाठी विकलं गेलं.

तोर्शेल न्यूमोनियानं गेला. त्याचं कुंपण त्याच्या आधीच कुजलं होतं, आणि ते पुन्हा विणायचं कुणाला कारण नव्हतं.

सिन्नेवा खूप जगली. शेवटची वर्षं ती गावच्या वृद्धाश्रमात होती. तिथल्या लांब ओसरीतून चालताना डोळे शाबूत असूनही ती डावा हात भिंतीला लावून चालायची. रंग दिलेली, गुळगुळीत, सगळीकडं सारखी भिंत. नर्सबाई म्हणायची, "आजी, हात कळकट होतो भिंतीनं, काढा बघू." मग सिन्नेवा हात काढून घ्यायची, आणि नर्सबाई वळली की पुन्हा लावायची.